हिवाळ्यात घट्ट होणारं रक्त

जरीपटका, नागपूर
१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

अहो,

जयभीम. त्याच्या आधी ‘सप्रेम’ लिहायची रीत आहे. आज लिहीत नाही. विसरली म्हणून नाही, मुद्दाम लिहीत नाही.

फोन करू नका. माझ्या भावाच्या फोनवरही करू नका, विक्की बिचारा दोघांच्या मधात पिसून राहिला. फोनवर तुम्ही माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाही. कागदाले मधातच ‘हाव, हाव, कळलं’ म्हणता येत नाही, म्हणून कागद. आपल्या शेजारच्या गोपिकामावशी दर रविवारी खापरखेड्याहून लेकीकडे येतात, लेक विक्कीच्या मागच्याच गल्लीत राहते. त्यांच्या हाती देऊन राहिली. अक्षर वाकडं दिसंल. पेन बोटातून सुटतो, दोन ओळी झाल्या की हात खाली ठेवावा लागतो. एक जमाना होता, माझी चौथीची पोरं फळा पुसायले तयार नसत. राहू द्या ना मॅडम, म्हणत.

आता मुद्द्याचं. मी गोळ्या फेकत नाही. कधीच फेकल्या नाही.

पलंगाखाली झाडताना तुम्हाले एक गोळी सापडली, मान्य. ती माझ्या बोटातून सुटली होती. सांध्यांच्या दुखण्यानं या उजव्या हातानं तेव्हाही शेंगदाणा धरल्या जात नव्हता, तिथं ती एवढीशी गोळी काय धरल्या जाणार? मी दुसरी काढून घेतली होती. तेव्हाच सांगितलं. पण तुम्हाले उत्तर सापडलं होतं ना, मंग माझं कायले ऐकता? दवाखान्यात डॉक्टर मॅडमसमोर, नर्ससमोर, विक्कीसमोर म्हटलं, ‘ही गोळ्या टाकून देते, म्हणून हिचं रक्त घट्ट होते.’ मी तिथंच पडली होती. तोंड एका बाजूले ओढलेलं, जीभ वळत नव्हती. नाही म्हणायचीही सोय नव्हती माझी.

तेव्हापासून तुम्ही गोळ्या मोजता. ठीक आहे, मोजा. पण या महिन्यात काय सुरू केलं तुम्ही? थंडी पडली नाही तोच म्हणाले, ‘हिवाळा आला, आता तुझं सुरू होईल.’ अन् मंग रोज गोळी घेतली की माझ्यासमोर उभं राहायचं. ‘तोंड उघड. जीभ वर कर.’ घरच्या माणसाले कोणी असं करते काय? एक दिवस गोपिकामावशी वाटी परत करायले दारात उभ्या होत्या अन् मी तोंड वासून, जीभ उचलून तुमच्यासमोर. मावशीनं मान खाली घातली. त्याच संध्याकाळी मी बॅग भरली.

आजार तुम्हाले कळला नाही असं नाही. पहिल्यांदा मॅडमनं सांगितलं तेव्हा तुम्हीच घरी येऊन मले परत समजावलं, तुमच्या प्लांटच्या बॉयलरच्या नळ्यांचा दाखला देऊन. मी म्हटलं, नाही जी, माझ्या नळ्यांत कचरा नाही. अंगाचे पहारेकरीच माझ्या अंगावर धावून राहिले. आधी सांध्यांवर गेले. मंग उन्हात निघाली की गालांवर लाल चट्टे. मंग शिरांच्या आतल्या अस्तरावर अन् रक्तावर. शीर आतून चिडली की रक्त तिथं गुठळी धरते. आपली दोन लेकरं पोटातच गेली, ती वारेतल्या गुठळ्यांनी, हे आपल्याले किती उशिरा कळलं. मंग डाव्या पोटरीत झाली, तिथून फुफ्फुसात गेली. अन् या जानेवारीत मेंदूत. पुढची कुठं होईल हे कोणीच सांगू शकत नाही. म्हणून जन्मभर रक्त पातळ ठेवायची गोळी, अन् रक्त तपासून तो आयएनआरचा आकडा दोन ते तीनच्या मधात ठेवायचा. दोनच्या खाली गेला की गुठळी, वर गेला की रक्त वाहायची भीती. माझा जीव त्या आकड्यावर टांगलेला आहे. अन् तुम्ही म्हणता मीच गोळी फेकते!

इथं तपासणार आहे. आकडा कळवीन. कळवला म्हणजे परत येणार असं समजू नका.

माया


२४ नोव्हेंबर, रविवार

अहो,

जयभीम.

शुक्रवारी तपासलं. अडीच! दोन पूर्णांक पाच! तीच गोळी, तोच डोस, तीच बाई. फक्त जीभ उचलून दाखवायले लावणारा कोणी नाही. आता बोला.

विक्की रोज रात्री जेवण झालं की गोळी माझ्या तळहातावर ठेवतो अन् पाण्याचा पेला देतो. बस. टीव्ही पाहायले निघून जातो. मीच त्याले म्हटलं होतं की तूच देत जा, म्हणजे उद्या कोणी बोट दाखवायले नको.

विक्कीची बायको चांगली आहे. उन्नतीले तुम्ही लग्नात पाहिलं तेवढंच. पुण्याची आहे, बोलते गोड, पण स्वयंपाक म्हणजे सगळ्यात साखर. काल वांग्याच्या भाजीत गूळ टाकला. मी तोंडात घास घेऊन बसली, गिळू की बोलू! विक्कीनं टेबलाखालून मले पाय मारला. म्हणून बोलली नाही.

आज सकाळी गोपिकामावशी आल्या अन् त्यांच्या पिशवीतून आपला स्टीलचा डबा निघाला. झाकणावर तुमच्या आईंचं नाव कोरलेलं, कौसल्याबाई. मले वाटलं चिठ्ठी असंल आत. माफीची नाही तर निदान भांडणाची तरी. उघडून पाहते तर सांबारवडी.

काय समजता तुम्ही? माणसाले दारोदार खोटं पाडायचं अन् मंग वड्या पाठवायच्या? मी डबा बंद करून ओट्यावर ठेवून दिला. मावशी म्हणाल्या, ‘धम्मदीपनं सकाळी उठून तळल्या वं. मले म्हणे, तिनं खाल्ल्या का ते पाहून या.’ मी म्हटलं, सांगा, पाहिल्या म्हणून.

तुम्हाले चहा धड येत नाही. येते ती एवढी एकच वस्तू, आईंनी शिकवलेली. बाहेरची पारी पातळ, आत सांबार ठासून भरलेला, खसखस, सुकं खोबरं, लिंबू. अन् वळताना पारीले चिंचेचा हात. उन्नतीनं वास घेतला अन् म्हणाली, ‘अय्या, कोथिंबीर वडी!’ मी म्हटलं, बाई, तुमची कोथिंबीर म्हणजे आमचा सांबार खरा, पण तुमची ती चौकोनी कोथिंबीर वडी वेगळी, ही आमची सांबारवडी वेगळी. हिचं नाव तिले देऊ नको.

दुपारी सगळे झोपले तेव्हा मी ओट्याशी उभ्यानंच चार खाल्ल्या. हे तुम्हाले सांगायचं नव्हतं. पण कागदावर खोडाखोड केली की उजवा हात अजूनच थरथरते, म्हणून राहू देते.

डबा रिकामा परत करायचा नाही, असं आईंनी शिकवलं. म्हणून उन्नतीचे बेसनाचे लाडू घातले आहेत. गोड लय आहेत. भोगा.

माया


८ डिसेंबर, रविवार

अहो,

जयभीम.

तुमचे डबे येऊन राहिले. मागच्या रविवारी आला, आज आला. पत्राचं उत्तर मात्र नाही. माणसानं दोन ओळी लिहिल्या तर हात झिजते काय? तुमचा हात तर चांगला आहे.

खाते मी. लपवून कायले ठेवू. रविवारी डबा आला की गुरुवार-शुक्रवारपर्यंत पुरवते. सकाळी चहासोबत, दुपारी कढीसोबत, संध्याकाळी अशीच. विक्कीले एक दिली तर दुसरी मागतो, त्याले मी ओट्याजवळ येऊ देत नाही. उन्नती हसते. म्हणते, ‘ताई, भांडण कोणाशी अन् प्रेम कोणावर?’ तिले म्हटलं, भांडण माणसाशी आहे, वडीनं माझं काय बिघडवलं?

तिले मी सांगितलं आपल्या घरची गंमत. या आजाराचा कागद हातात आला, त्यात पालक, मेथी, चवळी बेतानं खायले लिहिलं होतं, पाल्यानं म्हणे गोळीचा असर कमी होते. अन् तुम्ही घरातून पाला हद्दपार केला. पालकाची पातळ भाजी तुम्हाले किती आवडायची! ती तुम्हीही सोडली. मी म्हटलं, तुम्ही खा, तर म्हणाले, ‘तुझ्यासमोर बसून मी भुरका मारू काय?’ अन् माझ्या जेवणात काही राहिलं नाही म्हणून हिवाळाभर सुट्टीच्या दिवशी वड्यांचा घाट. हे सांगताना मी ओट्यावरचा डबा जवळ ओढून घेतला. उन्नतीनं विषय बदलला.

झोप येत नाही. डावी पोटरी जड वाटते. दोन्ही पाय जवळ घेऊन पाहते, सुजला काय, नाही सुजला. दाबून पाहते, दुखते काय. कधी वाटते दुखते, कधी वाटते आपणच दाबून दुखवून राहिलो. कपडे वाळत घालताना उजव्या हाताची बोटं बधिर झाली तर मी तिथंच ‘अ आ इ ई’ म्हणून पाहिलं, जीभ वळते का म्हणून. खालचा भाडेकरू वर पाहून राहिला होता. पाहू दे.

घरात तुम्ही असता तर रात्री पोटरीवर हात ठेवून म्हटलं असतं, ‘थंड आहे, काही नाही, झोप.’ तेवढ्यानंच झोप यायची मले. हे तुम्हाले मोठं करायले लिहीत नाही. खरं आहे म्हणून लिहिते.

पुढची तपासणी दोन आठवड्यांनी आहे.

माया


२३ डिसेंबर, सोमवार

एक पूर्णांक चार.

वाचलं? एक पूर्णांक चार. अन् गोळी एकही चुकली नाही. एकही नाही! विक्की साक्षीदार आहे. उपयोग काय त्याचा? आकडा ऐकला अन् माझ्या सख्ख्या भावानं माझ्याकडे असं पाहिलं जसं तुम्ही पाहता. रात्री गोळी दिली अन् टीव्हीकडे गेला नाही. दारात उभा राहिला. मी पेला खाली ठेवला अन् त्याले म्हटलं, ‘पाहायचं आहे काय? ये, पाहा,’ अन् तोंड उघडलं. तो रडकुंडीले आला. ‘ताई, काहून असं बोलते वं?’ म्हणाला. पण गेला नाही, उभाच होता.

मॅडमनं डोस वाढवला अन् पोटात टोचायची सुई सुरू केली, आकडा वर येईपर्यंत दोन वेळा. उन्नती टोचते. पहिल्याच सुईनं माझं पोट निळं झालं आहे. मॅडम चांगल्या आहेत, ओरडल्या नाही. पण विचारलंच, ‘मायाताई, खरं सांगा हं, एखादा दिवस राहिला असेल.’ मी म्हटलं, नाही राहिला. त्यांनी मान हलवली अन् लिहायले लागल्या. ती मान मले कळते. मी मास्तरीण होती, गृहपाठ घरी राहिला म्हणणाऱ्या पोरासमोर मीही अशीच मान हलवायची.

गोळी सुरू झाल्यापासून दोन हिवाळे झाले, हा तिसरा. पहिल्या हिवाळ्यात पोटरी अन् फुफ्फुस. दुसऱ्यात मेंदू. डोस वाढवतात, अन् उन्हाळा आला की नाकातून रक्त, हिरड्यांतून रक्त, आकडा पाचाच्या वर. तुम्ही म्हणता, हिवाळ्यात फेकते अन् उन्हाळ्यात घाबरून दोन-दोन खाते. आता सगळेच मनात तेच म्हणत असतील.

मी तुम्हाले एक सांगते, हसू नका. मलेच आता माझा भरवसा राहिला नाही. झोपेत उठून थुंकून देते काय मी? मेंदूत गुठळी झाली होती, काय गेलं अन् काय राहिलं कोणाले माहीत? आज मी माझी उशी झटकली. गादी उचलून पाहिली. माझ्याच पलंगाखाली, तुमच्यासारखी, झाडू घेऊन पाहिलं. काही नव्हतं. मंग तिथंच फरशीवर बसून राहिली.

मले मरायची भीती वाटते. आधी इतकी वाटत नव्हती. आधी वाटायचं, गोळी आहे ना. आता गोळी घेऊनही काही होत नसंल तर मी कशाच्या भरवशावर झोपू? अन् उद्या काही झालंच तर तुम्ही सगळे म्हणणार, सांगून सांगून थकलो, ऐकलंच नाही तिनं. मी मेली तरी खोटीच ठरणार. हे मले सहन होत नाही.

काल आलेला डबा भरलेलाच आहे. आज घास जात नाही.

हे पत्र रविवारची वाट न पाहता विक्कीच्या ओळखीच्या माणसाच्या हाती पाठवते. तो तुमच्याच प्लांटले कामाले येते.

माया


२९ डिसेंबर, रविवार

अहो,

जयभीम. बसून वाचा. उभ्यानं वाचू नका.

मी गोळ्या फेकत नव्हती. तुम्ही चुकीचे होते, मॅडम चुकीच्या होत्या, विक्की चुकीचा होता, अन् शेवटी मी स्वतः चुकीची होती. एकटी गोळी बिचारी आपलं काम करत होती. आता मी कसं घडलं तसं सांगते, नाही तर हसून हसून माझ्यानं लिहिल्या जाणार नाही. रडूनही जाणार नाही.

झालं असं. मी जेवत नाही म्हणून उन्नतीनं ठरवलं, ताईंना सांबारवडी करून घालायची. तुमचा डबा शिळा झाला होता. काल संध्याकाळी ती बाजारात गेली अन् दोन्ही हातांत मावंना एवढा सांबार घेऊन आली. मीच सांगितलं होतं, जुड्या मोठ्या घे, तळला की बसते. जमिनीवर जुनी चादर अंथरली अन् आम्ही दोघी निवडायले बसलो. चादर हिरवीगार झाली, कुठं कापड दिसेना. उन्नती थकून म्हणाली, ‘अहो ताई, एवढा पाला? मी तर आमच्याकडे वरून चिमूटभर घालते.’

एवढा पाला.

माझा हात तिथंच थांबला. मी त्या ढिगाकडे पाहिलं. जी बाई तीन वर्षांपासून पालकाच्या पानाले शिवली नाही, मेथीच्या पराठ्याले नाही म्हणते, पंगतीत चवळीची भाजी आली तर ताटावर हात आडवा धरते, तिच्या पुढ्यात हा डोंगर. अन् हा सगळा मी चार-पाच दिवसांत खाते. दर आठवड्याले. पूर्ण हिवाळा.

आपण याले कधी पाला म्हटलंच नाही जी! पालेभाजी म्हणजे जी कढईत शिजते, ताटात वाढतात ती. सांबार म्हणजे सांबार. वरणावर टाकायचा, चटणीत घालायचा, वडीत भरायचा. मले कोणी विचारलं, पालेभाजी खाता काय, तर मी छाती ठोकून सांगायची, पानही नाही. अन् खोटं बोलत नव्हती.

मी तशीच उठली अन् मॅडमले फोन लावला. हात हिरवे, फोन हिरवा. त्यांनी विचारलं, ‘किती खाता?’ मी सांगितलं. मंग म्हणाल्या, ‘मायाताई, कोथिंबीर पालेभाजीच आहे.’ रक्ताले गोठायले एक जीवनसत्त्व लागते म्हणे, ‘के’ नावाचं. ते हिरव्या पाल्यात असते. माझी गोळी त्याचंच काम अडवून ठेवते. पाला वाढला की गोळी हरते अन् आकडा खाली येतो. मंग आपण घाबरून डोस वाढवतो. फाल्गुन सरला, उन्हानं सांबार महागला, वड्या बंद झाल्या की अडवायले काही उरत नाही. वाढवलेली गोळी एकटीच जोर करते. म्हणून उन्हाळ्यात नाकातून रक्त. दोन्ही गोष्टी एकाच डब्यातून आल्या, अहो!

अन् ऐका, अजून संपलं नाही. सोमवारी डोस वाढवला होता अन् त्याच दिवसापासून मी रुसून वडीले हात लावला नव्हता. मॅडम म्हणाल्या, आज फोन केला नसता तर आठवड्याभरात रक्त वाहायले लागलं असतं. डोस परत खाली आणला. मंगळवारी बोलावलं. त्या मले सॉरी म्हणाल्या, मी विचारायला हवं होतं म्हणाल्या. पूर्ण बंद करायची गरज नाही, रोज सारखंच, थोडं, ठरलेलं खायचं. फक्त एक आठवडा डोंगर अन् एक आठवडा काहीच नाही, असं नको.

उन्नतीनं त्या ढिगाकडे पाहिलं अन् विचारलं, ‘मग आता याचं काय करू?’ विक्की म्हणाला, मी खातो. त्याले म्हटलं, खा बापा, पोटभर खा, तुझं रक्त शहाणं आहे.

आता तुमचं. मले माहीत आहे हे वाचून तुमच्या मनात काय येईल. म्हणून आधीच सांगून ठेवते, ते मनात आणू नका. तुम्ही मले मारत होते असं मी म्हणत नाही. असं जो म्हणंल त्याच्या मी कानाखाली वाजवीन, डाव्या हातानं. माझी भाजी बंद झाली म्हणून तुम्ही तळत होते. तुम्ही तळत राहिले अन् मी खात राहिली, कारण दुसऱ्या कोणत्याच गोष्टीनं आपण एकमेकांशी बोलत नव्हतो.

पण एक गोष्ट मी सोडत नाही. वडीची चूक दोघांची, तिले माफी आहे. जीभ उचलायले लावली ती चूक तुमच्या एकट्याची आहे. सांबार नसता सापडला तर? तर मी खोटीच होती काय? माझ्या शब्दावर तुमचा भरवसा बसायले चादरभर पुरावा लागला, याचं मले लय दुखते. पोटरीपेक्षा जास्त दुखते.

डबा पाठवू नका आता.

माया


५ जानेवारी २०२५, रविवार

अहो,

मंगळवारी तपासलं. दोन पूर्णांक दोन. पोटातल्या सुया बंद झाल्या. उन्नतीनं सुयांची रिकामी पाकिटं फेकली अन् दोन्ही हात जोडले.

पण मले पूर्ण आठवडा चैन नव्हती. ‘डबा पाठवू नका’ असं लिहिलं अन् पत्र गेल्यावर वाटलं, हे काय लिहिलं मी? या माणसाले डब्याशिवाय दुसरं बोलणं येत नाही अन् तेच मी बंद केलं. आता हा काय करंल? सकाळपासून गॅलरीत उभी होती. विक्की म्हणाला, ‘ताई, मावशी तर अकराले येतात.’ मी म्हटलं, मी कपडे वाळवून राहिली. तो म्हणाला, कुठं आहेत कपडे?

गोपिकामावशी आल्या. हातात पिशवी, पिशवीत डबा. कौसल्याबाई. माझं डोकंच फिरलं. इतकं सांगून, इतकं समजावून! मी हात नाही लावला. उन्नतीनं डबा घेतला अन् म्हणाली, ‘हलका आहे.’ झाकण उघडलं अन् तिचा चेहरा पडला. ‘ताई, रिकामा आहे. रिकामा डबा कोणी पाठवतं का?’

मी घेतला हातात. घासलेला, कोरडा पुसलेला. कडेच्या खाचेत नेहमी बेसन अडकलेलं राहते, तेही काढलेलं. आईंनी जन्मात कोणाच्या घरी रिकामा डबा पाठवला नाही. काही नसलं तर साखरेची चिमूट टाकायच्या. तुम्ही त्यांचे लेक, तुम्ही हा डबा मावशीच्या हाती रिकामा दिला, मावशीचं तोंड पाहून दिला. तुम्हाले काय वाटलं असंल ते मले कळलं जी. पाच पत्रांचं उत्तर एकदम मिळालं मले. मी ओट्याशी खाली बसून रडली. उन्नतीले वाटलं माझा अपमान झाला. तिले म्हटलं, बाई, तुले नाही कळायचं.

मावशीनं सगळं सांगितलं. तुम्ही तीन दिवस ड्युटीवर कोणाशी बोलले नाही. कॅन्टीनमधी जेवता. घरात सांबाराची जुडी होती, ती गाईसमोर टाकली अन् गाय खाईपर्यंत तिथंच उभे राहिले. ‘तू काहून जात नाही गा तिले आणायले?’ असं मावशीनं विचारलं, तर म्हणाले, ‘कोणतं तोंड घेऊन जाऊ?’

हेच घेऊन या. दुसरं कुठून आणणार?

मी डबा परत पाठवत नाही. रिकामा पाठवायचा नाही अन् भरायचाही नाही, म्हणून तो इथंच माझ्या उशाशी राहील. न्यायचा असंल तर तुम्हालेच यावं लागंल. विक्कीच्या घरी पहिल्यांदा येऊन राहिले म्हणून मिठाई घेऊ नका, फळं घेऊ नका, जरीपटक्याच्या बाजारात थांबू नका. हात रिकामे घेऊन या. लोक पाहतील, पाहू द्या. ते रिकामे हात मले पाहायचे आहेत.

एक अट आहे अन् ती ऐकूनच निघा. रात्रीपर्यंत थांबा. जेवण झालं की विक्की मले गोळी देतो. त्या दिवशी तुम्ही द्या. माझ्या तळहातावर ठेवा, पाण्याचा पेला द्या, अन् समोर बसा. मी गोळी घेईन, पेला खाली ठेवीन. मी तोंड उघडणार नाही. जीभ उचलणार नाही. तुम्ही काही विचारायचं नाही. तुमच्या मनात आलं तरी विचारायचं नाही. एवढं झालं तर मी दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्यासोबत खापरखेड्याले येते.

पोटरी थंड आहे. तरीही एकदा हात ठेवून पाहा.

सप्रेम जयभीम.

तुमची,
माया